कचरा किलोच्या भावात

गोव्यात आपल्या दारात कचरा तोलणारा तराजू अजून आलेला नाही. बहुतेक पंचायती आणि पालिका घरटी ठरावीक रक्कम घेतात. त्यात चार माणसांचं घर आणि कागदोपत्री घरच असलेला, पण दर शनिवारी बारा पाहुणे उतरवणारा होमस्टे यांना एकच न्याय. ती रक्कमही कुठला तरी दाखला अडल्याशिवाय भरायची नाही, हा आपला शिरस्ता. पण घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचऱ्यासाठी शुल्क घ्यायची वाट स्थानिक संस्थांना मोकळी करून दिलीच आहे, आणि परदेशात बऱ्याच गावांत हे शुल्क किलोवर घेतात. उद्या कुणी मंत्री स्वीडनचा अभ्यासदौरा करून आले की ती कल्पना मोपाच्या विमानतळावर उतरलीच म्हणून समजा. तेव्हा वाचकहो, बिल हातात पडल्यावर भांडण्यापेक्षा आधीच शहाणे व्हा.

बिल समजून घेणं सोपं आहे. डब्याला एक चिप असते. गाडीचा यांत्रिक हात डबा उचलताना वजन करतो, रिकामा करून खाली ठेवताना पुन्हा करतो, आणि दोहोंतला फरक तुमच्या नावावर चढतो. बिलात एक स्थिर आकार, म्हणजे तुम्ही काहीही टाकलं नाही तरी गाडी दारावरून गेली याचे पैसे, आणि दुसरा किलोचा आकार. ज्याला वीजबिल कळतं त्याला हे सहज कळेल. म्हणजे फारसं कुणाला कळणार नाही. डबा पायाने तुडवून दाबण्याची विद्या मात्र इथे चालत नाही. सिएटलमध्ये १९८१ पासून डब्याच्या आकारावर पैसे घेऊ लागले, तेव्हा लोक खरोखरच डब्यात उभे राहून कचरा तुडवू लागले. तराजूपुढे असल्या नाचाचा उपयोग नाही. उलट नाचणारा बाहेर यायला विसरला तर त्याचंही वजन धरतील.

आता बिल कमी कसं करायचं ते पाहू. सुरुवात पावसापासून करू. ओल्या कचऱ्याची बादली झाकण न लावता गेटबाहेर ठेवायची ही आपली रीत मुळीच सोडू नका. (झाकण असतं, पण ते पाण्याच्या पिंपावर लागतं.) बादलीचं तोंड फूटभर रुंद धरा. जुलैत शंभर मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी तिच्यात सात लिटर पाणी साठतं, आणि लिटर म्हणजे किलो. तुम्ही टाकलीत पाव किलो कांद्याची सालं, पैसे भरलेत सव्वासात किलोंचे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बादली सगळा पावसाळा अशीच राहिली तर दोनशे किलोंच्या वर निव्वळ आभाळ तुमच्या खर्चाने साळगावला जाईल. तिथे बायोगॅस करतात. ढगांचा गॅस निघतो का, ते त्यांनाच विचारा.

घरातलं पाणी वेगळंच. उष्ट्या-खरकट्यात दहापैकी सात-आठ भाग पाणी असतं. दक्षिण कोरियात २०१३ पासून अनेक शहरांत खरकटं वजनावर घेतात. इमारतीखाली पेटी असते, कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, टाकलेलं तोललं जातं आणि बिलाला लागतं. तिथली माणसं म्हणून खरकटं आधी पिळतात, निथळतात, मगच खाली नेतात. आपण असं काही केलं तर शेजारी काय म्हणतील? कालचं हुमण पातेल्यासकट उपडं करावं, वर सोलकढी ओतावी, चहाचा चोथा गाळणीतल्या पाण्यासह टाकावा, यातच घराण्याची शान. सिंकच्या कोपऱ्यात एक भोकांची चाळण ठेवून रात्रभर कचरा निथळू दिला तर वजन बरंच उतरतं, असं म्हणतात. पण त्यासाठी चाळण विकत घ्यावी लागते, आणि काटकसरीच्या नावाखाली खर्च करणं आपल्याला पटत नाही.

खरी मजा मे महिन्यात. फणस दहा किलोंचा. गरे आपले, आणि काट्यांची साल, चारखंडं, मधला दांडा हे सगळं तराजूचं. नारळाचंही तसंच. सोडण म्हणजे वरचं काथ्याचं आवरण, आणि करवंटी मिळून फळाचं जवळजवळ अर्धं वजन आपण खात नाही. त्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या. आत मांस नखाएवढं, बाहेर चुनखडी मूठभर. किलोवर दर लागला की गोव्यातला मासळीबाजार बदलेल, हे माझं भाकीत लिहून ठेवा. तिसऱ्यो मागे पडतील आणि सुरमईचे तुकडे श्रीमंतीचं नव्हे, हिशेबीपणाचं लक्षण ठरतील.

या साऱ्यावर रामबाण उपाय म्हणजे प्लॅस्टिक. तराजूला आकार दिसत नाही, आयुष्य तर त्याहून दिसत नाही. थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवा असते. चवथीला पुरुषभर उंचीचं मखर आणा, विसर्जनानंतर गेटबाहेर टेकवा, वजन किरकोळ. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळांची माटोळी मात्र घात करते. नारळांचा घड, सुपारीचं शिपुट, चिबूड, तोरींग, आंबाडे, रानातली कसली कसली फळं. दीड दिवसात देव गेला की मागे उरतं ते सगळं ओलं आणि जड. तेव्हा माटोळीही प्लॅस्टिकच्या फळांचीच बांधा. दरवर्षी तीच वापरता येते, आणि फेकावीशी वाटलीच तर मुसळधार पावसात ओहोळ आहेच.

काही माणसं असंही करू पाहतील की डबा आपला न भरता शेजाऱ्याचा भरावा. हा उपाय युरोपात आजमावून झाला आहे, म्हणून तिथे डब्याला कुलूप लावायची सोय मिळते. आपल्याकडे कुलूप तर लागेलच, फक्त पहिल्याच आठवड्यात डब्यासकट जाईल.

मग उरतो घाट. स्वीडनमध्ये किलोवर दर घेणाऱ्या गावांत माणशी कचरा सुमारे २० टक्क्यांनी कमी गोळा होतो, असं २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मात्र तो कमी झालेला कचरा नेमका गेला कुठे, याचा उलगडा अभ्यासकांना नीटसा झाला नाही. त्यांना गोव्यात बोलवा. चोर्ला घाटाचं कुठलंही वळण दाखवा, खाजनाचा, म्हणजे खाऱ्या शेताचा बांध दाखवा, ‘येथे कचरा टाकू नये’ हा फलक आणि त्याच्या पायथ्याशी रचलेल्या पिशव्या दाखवा. फलकाने भागलं नाही म्हणून भिंतीवर गणपती, क्रूस आणि मशीद अशा फरशा ओळीने बसवलेल्या दाखवा. तिन्ही धर्म एकत्र पहाऱ्याला बसलेले बघायला आणखी कुठे मिळणार? साखळीहून घाटात जाऊन यायला स्कूटरला पेट्रोलचे पैसे पडतात, आणि कुठल्याही गावाचा किलोचा दर त्याहून कमीच असेल. पण हिशेब करायचा नसतो. कॅमेऱ्याची भीती असेल तर हेल्मेट घाला. वाहतूक पोलिसांना इतकी वर्षं जे साधलं नाही ते कचऱ्याने साधेल.

किंवा जाळा. राखेला वजन नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला, पण संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात धूर दिसला तर तो डासांसाठीच असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मडगावच्या सोनसडो इथल्या कचऱ्याच्या ढिगाला मे २०१९ मध्ये आग लागली तेव्हा मडगावकरांनीही तो धूर हुंगला, आणि त्यातून हवेत गेलेल्या कचऱ्याचं बिल कुणालाच आलं नाही.

इथे जरा थांबतो, कारण एका गोष्टीवर मला विनोद सुचत नाही. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे किंवा तान्हं मूल आहे, तिथे लंगोटांचं वजन काही केल्या कमी होत नाही. आयर्लंडमध्ये २०१६ साली किलोचा दर सक्तीचा करायचं ठरलं आणि मग लोकांचा संताप बघून ते थांबवलं गेलं. त्या वादात हा मुद्दा होता, आणि तो रास्त होता. आपल्याकडे तराजू आणणाऱ्यांनी तेवढी सवलत आधी लिहून ठेवावी. बाकी रडगाण्यांकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल, माझ्यासुद्धा.

हां, तर एक मार्ग सांगायचा राहिला, जो तुम्ही घेऊ नये. जुन्या घरांत खरकटं गुरांना जायचं, माशांची खवलं-आतडी माडाच्या आळ्यात पुरली जायची, वरून मूठभर मीठ. माड तक्रार करत नसे, नारळ देत असे. आता माड तोच आहे, आळं पेव्हरने बुजवलं आहे. तेव्हा आधुनिक पद्धत अशी: नारळ सोलावा, सोडण गेटबाहेर ठेवावं, त्याच्या वजनाचे पैसे भरावेत. मग गच्चीवर खत करायची हौस आली की बाजारातून कोकोपीटची वीट विकत आणावी. ती सोडणाचीच असते. अंगणातली सुकी पानं, जी ओल्या कचऱ्यात एकाआड एक थरांनी घातली तर वास येत नाही आणि दीड-दोन महिन्यांत खत होतं, ती त्याच संध्याकाळी जाळावीत. कुजताना कचऱ्याचं वजन निम्म्याहून खाली येतं, आणि उरतं त्याला गाडी लागत नाही. पण मग बिलात फक्त स्थिर आकार येईल, आणि दारातल्या बाल्कांवावर बसून पंचायतीला शिव्या घालायला विषय काय उरेल?

फ्लॅटवाल्यांना माड नसतो, पण सेक्रेटरी असतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे ५,००० चौरस मीटरांपेक्षा मोठ्या वसाहतींनी ओला कचरा आवारातच जिरवायचा होता. त्यासाठी आणलेला ड्रम पार्किंगमध्ये शोधा. त्यात सहसा नाताळचा तारा ठेवलेला असतो.

एवढं करूनही बिल आलंच तर ग्रामसभा गाठा. तिथे दोन ठराव मांडा. पहिला, गावाचा कचरा गावात राहता कामा नये. दुसरा, बाहेरगावचा कचरा गावात येता कामा नये. दोन्ही एकमताने संमत होतील. बायंगिणीच्या नियोजित कचरा प्रकल्पाला वर्षानुवर्षं विरोध झाला; काकोड्याला, साळगावला प्रकल्प उभे राहिले; पण हा प्रकल्प आमच्याच वाड्यावर हवा म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तुम्हीही काढू नका. वजनकाट्याच्या अचूकतेबद्दल चौकशी समिती मागा, काटा उन्हाळ्यातच वापरावा अशी सूचना करा, आणि निवेदन सरपंचांना देताना ते लॅमिनेट करूनच द्या. वजन नगण्य, आणि टिकेलही भरपूर.