आधी उंबर की आधी किडा?

सकाळी चहा हातात असतानाच घरच्या ग्रुपवर न्यू जर्सीच्या चुलत दादाचा फॉरवर्ड आला. फोडलेल्या उंबराचा फोटो, खाली मजकूर: 'किड्याशिवाय उंबर नाही, उंबराशिवाय किडा नाही. मग आधी कोण? डार्विन गप्प! ही तर निर्मात्याची योजना.' अकरा जणांनी हात जोडले. चहा निवून गेला माझा.

आजीच्या परसात उंबर होता. दर गुरुवारी ती त्याला प्रदक्षिणा घालायची. आणि तीच आजी, मी पाचवीत असताना, पिकलं उंबर माझ्यासमोर फोडायची. आतले किडे भुर्रकन उडाले की मी किंचाळायचे. ती म्हणायची, "फूल कधी कुणाला दिसलं नाही, मग फळ कुठनं आलं गं? बघ की नीट!"

नीट बघायला मला कॉलेज उजाडलं. उंबर म्हणजे आत वळून मिटलेला फुलांचा गुच्छच. गांधीलमाशीच्या भावकीतली तिळाएवढी मादी टोकाच्या भोकातून आत शिरते. शिरताना बहुतेकदा पंख तुटतात. काही फुलांत अंडी घालते, बाकीच्यांना पराग देते आणि तिथेच मरते. तिची बिनपंखी नर पिल्लं बाहेरची वाट कोरतात आणि मरतात. त्या वाटेने माद्या पराग घेऊन उडतात.

थक्क व्हायला होतं, मान्य. मलाही होतं.

पण 'आधी कोण' हा प्रश्नच फसवा आहे, दादा. दोघं पहिल्या दिवसापासून असे नव्हतेच. सैल नातं कोट्यवधी वर्षांत घट्ट होत गेलं, ह्याने त्याला बदललं, त्याने ह्याला. आजीचा वरवंटा दुसऱ्या कुणाच्या पाट्यावर बसायचा नाही, तसं. (पाटा पाथरवटाने घडवला होता, म्हणशील. म्हण.)

आणि योजनाच असेल तर त्या फुकट्या माश्यांचं काय? त्या बाहेरूनच लांब सुईने उंबराला भोक पाडून आपली अंडी घालतात. पराग देणं नाही, काही नाही. वर काही जणी आतल्या अळ्यांचाही फडशा पाडतात. त्यांचा फोटो बरा नाही टाकलास!

डार्विन गप्प म्हणे! मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब मधुनळी बघून त्याने १८६२ मध्ये सांगितलं, एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असणार. तो १८८२ मध्ये वारला. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. 'योजना'वाल्यांनी असं काय आधी सांगून दाखवलंय? तुमच्याच अमेरिकेत, ही 'योजना' शाळेत शिकवण्यावरून झालेल्या पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात, २००५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की हे विज्ञान नाही. आणि आपल्याकडे? २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच काढली. आता पोरांनी उंबर फोडून विचारायचं कुणाला, ग्रुपवर?

जाऊ दे. फार चिडून लिहिलं. विज्ञानवाले कधीकधी तुसडे वागतात, हेही खरं. मीही आत्ता तेच केलं.

पण आजी आठवली की गप्प बसवत नाही. देव मानणारी बाई, पण 'देवाने केलं' म्हणून तिने प्रश्न झाकून ठेवला नाही. किड्यांवर फुंकर मारायची आणि अर्धं उंबर माझ्या हातावर ठेवायची.

दादा, तू हल्ली उंबराचं फूल झालायस. यंदा सुट्टीत ये. आमच्या सोसायटीमागे एक उंबर आहे, मिळून फोडू. फुंकर तू मार.