आत्याचं नाव कापलं, राग त्याचा आहे

आज सकाळी नाशिकला सीबीएस स्टँडवर रिक्षाची वाट बघत उभी होते आणि फॅमिली ग्रुपवर एक ऑडिओ येऊन पडला, वर दोन बाणांचं ते फॉरवर्डचं चिन्ह, म्हणजे कुठून कुठून फिरून आलेला. लावला तर आमची आत्या, जात्यावरच्या ओव्या गाताना! जात्याची घरघर, लांब कुठेतरी कोंबडा, मध्येच तिचा खोकला. ते रेकॉर्डिंग मीच केलंय हो, निफाडजवळ तिच्या घरी, पडवीत मांडी घालून. फक्त सुरुवातीचे ११ सेकंद गायब. त्या ११ सेकंदांत ती आपलं नाव सांगते, गाव सांगते, आणि 'आईकडनं शिकले' म्हणते. ते छाटून तिथे कुठल्याशा यूट्यूब चॅनेलचं नाव चिकटवलंय आणि ओव्यांच्या खाली तबला घातलाय. दळणाच्या ओवीला तबला!!

आता सगळे म्हणतील, रेकॉर्डिंग आपल्या साइटवर टाकतानाच लॉक करायचं ना. केलं होतं. साइट बनवणाऱ्याने राइट क्लिक बंद करून दिलं, डाउनलोडचं बटण काढलं, वर पैसे घेतले आणि म्हणाला, ताई आता कुणाचा बाप कॉपी करू शकत नाही. भाचा जेवायला आला होता, त्याने लॅपटॉपवर एफ-१२ दाबलं, नेटवर्कमध्ये गेला, प्ले केलं, फाइलचा पत्ता समोर, ताटातली आमटी गार व्हायच्या आत आत्या त्याच्या डाउनलोड्समध्ये. मग त्यानेच समजावलं की फाइलचे काही काही सेकंदांचे तुकडे करून, ते एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करून पाठवता येतात, पण तुकडे उघडायची किल्ली ऐकणाऱ्याच्या ब्राउझरलाच द्यावी लागते, नाहीतर तो ऐकणार कसा? आणि किल्ली दिली की तुकडे जोडणारे प्रोग्राम फुकट मिळतात. त्याच्याही पुढचं डीआरएम आहे, मोठ्या कंपन्या वापरतात ते पक्कं डिजिटल कुलूप. तेही केलं समजा. स्पीकरसमोर दुसरा फोन ठेवून रेकॉर्ड केलं की संपलं. कानापर्यंत पोचलेला आवाज अडवणार कसा? ॲपलनेसुद्धा २००९ साली आपल्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातल्या गाण्यांचं कुलूप काढून टाकलं, तिथे मी कोण.

आणि कुलूप घातलं की त्रास कुणाला, तर सुरगाण्यात रेंज शोधत माळावर जाऊन ऐकणाऱ्या आत्याच्या नातीला. चोराला नाही.

बरं, दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत, मान्य. दुसऱ्याच साइटवर आपली फाइल थेट वाजत असेल तर ते सर्व्हरवरून बंद करता येतं, आणि थोड्या वेळाने मरणारी लिंक देता येते. आणि मी साइटवर ६४ केबीपीएसची हलकी एमपीथ्री ठेवलीय, मूळ वेव्ह फाइल घरी हार्डडिस्कवर आहे. त्या ११ सेकंदांसकट. ही एक अक्कल आली होती तेवढी बरी, उद्या कुणी म्हणालं हे आमचंच आहे तर दाखवायला काहीतरी आहे. फाइलच्या टॅगमध्येही, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत, आत्याचं नाव लिहिलं होतं, पण तबला घालून नवी फाइल काढली की टॅग बहुतेक गेलाच.

कायदा आहे म्हणे. आहेच! १९५७ चा कॉपीराइट कायदा, रेकॉर्डिंगवर ६० वर्षं हक्क. २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क दिला, आणि हक्क मारायच्या इराद्याने डिजिटल कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आहे. पण ८१ वर्षांच्या बाईला घेऊन मी कोर्टाच्या पायऱ्या चढू का? यूट्यूबला कॉपीराइटचा फॉर्म भरलाय, चॅनेलवाल्यालाही लिहिलंय, त्याने वाचलंय, उत्तर नाही. निर्लज्ज. तबला घालायला वेळ आहे, दोन ओळी लिहायला नाही.

दुपारी आत्याला फोन केला. मी तावातावाने सांगतेय आणि ती हसतेय. "घेऊ दे की गं, मी तरी कुठं इकत आणल्या व्हत्या? आईनं दिल्या, तिला तिच्या आईनं." हे खरंय, ओव्या कुणा एकीच्या नाहीत, मला पटतं, नाइलाजाने पटतं. मग जरा थांबून म्हणाली, "पर माझं नाव का काढलं गं त्यानं?"

मला बोलताच येईना.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. ओव्या न्या, गा, मोबाइलची रिंगटोन करा, माझं काही म्हणणं नाही. नाव ठेवा. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्यांच्या साइटवर जात्यावरच्या ओव्या आहेत, तिथे गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, फोटो असतो, किती साधी गोष्ट आहे! आणि आपल्या संतांना हे केव्हाच कळलं होतं. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे', नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात असं विणलेलं की काढायला गेलं तर चरणच मोडतो. जनाबाईला कुणी विसरलं का? मी मात्र आत्याचं नाव सुरुवातीला सुटं ठेवलं, कात्रीने सहज कापता येईल असं. माझीच चूक.

रविवारी निफाडला जातेय. तिला म्हटलं, आता प्रत्येक दळणाच्या शेवटच्या ओवीत तुझं नाव गुंफायचं. "मला जमंल का गं?" म्हणाली, आणि फोनवरच गुणगुणायला लागली.

तिचं नाव मी इथे लिहीत नाहीये, ते तिच्याच आवाजात ऐका, पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. आणि तो तबलावाला ऑडिओ तुमच्या ग्रुपवर आला असेल तर त्याच्याखाली ही लिंक टाका.