नाशिकरोडच्या आमच्या टूव्हीलर स्टँडला आलेल्या एक स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. रात्री गेट बंद मिळालं, बाहेर ताटकळत उभं राहावं लागलं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंय ना, की "कोरोना संपला, ट्रेन सुरू झाल्या, रेल्वेने तिकीट परत दहा रुपये केलं आणि हे स्टँडवाले महिन्याचे तीनशेचे चारशे करून लॉकडाऊनचे पैसे आता आमच्याकडून वसूल करतायत", ते वाचून खरंच लागलं. बाकी काहीही बोला, हे नको. नवीन गिऱ्हाईक आधी रिव्ह्यू बघतं आणि आमच्या घरची चूल या एका शेडवर चालते.

मार्च २०२० मध्ये पॅसेंजर ट्रेन बंद झाल्या तेव्हा पासवाल्यांच्या कितीतरी बाईक शेडमध्ये तशाच राहिल्या, कोणी मुंबईत अडकलं, कोणाला घराबाहेर पडता येईना. तुमची पण त्यातच होती. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून मी आणि आमचे वॉचमन काका सीटखाली डांबरगोळ्या ठेवायचो, पावसाळ्यात पत्रा गळायला लागला तेव्हा गाड्या ढकलून कोरड्या बाजूला घेतल्या, ज्यांच्या चाव्या आमच्याकडे होत्या त्यांच्या गाड्यांना अधूनमधून किक मारायचो. त्या महिन्यांचा एक रुपया कोणाकडून घेतला नाही, तुमच्याकडूनही नाही. वहीत त्या महिन्यांचे रकाने कोरे आहेत.

आणि ट्रेन सुरू झाल्या म्हणजे लगेच आपली अपडाऊनवाली मंडळी आली असं झालं का? आधी सगळ्या स्पेशल, त्यात रिझर्वेशन असेल तरच चढायचं, मंथली पास चालत नव्हता. ट्रेन फलाटावर येत होती पण आमची शेड रिकामी. स्पेशलचा शिक्का काढायचा रेल्वे बोर्डाचा आदेश आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणि पासवाले त्यानंतर हळूहळू परतले. तोपर्यंत जागेचं भाडं आम्ही घरातून भरलं.

तिकिटाचं म्हणाल तर ते दहा रुपये साध्या पॅसेंजरचं कमीत कमी भाडं, ते मधल्या काळात तीस झालं होतं आणि परत दहावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मुंबईच्या पंचवटी एक्सप्रेसच्या पासचा त्याच्याशी काही संबंध नाही हे तुम्ही रोज जाणारे, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

रेल्वेला कोरोनाच्या वर्षाचा खड्डा भरायला सरकारने ७९,३९८ कोटींचं खास कर्ज दिलं. द्यायलाच पाहिजे होतं, ट्रेन नसती तर नाशिकरोडच्या किती घरांचा पगार थांबला असता. तसंही तिकिटावर छापून यायचं की प्रवासाच्या खर्चाचे सरासरी फक्त ५७ टक्के वसूल होतात, उरलेलं मालवाहतुकीच्या कमाईतून भागवतात. म्हणजे ट्रेन परत रुळावर आणायचा खर्च एकट्या पासवाल्याच्या खिशातून निघाला नाही, आणि निघूही नये. पण आमच्यासारख्याला मागून असं कोण देणार? पीएम स्वनिधीचं दहा हजारांचं कर्ज होतं, ते फेरीवाल्यांसाठी, आमचा धंदा त्यात बसत नव्हता. शेड परत उभी केली ती सोसायटीचं कर्ज काढून आणि बायकोची पाटली गहाण ठेवून. तरी तेव्हा रेट तीनशेच ठेवला होता. आता जे शंभर वाढले ते नवीन पत्रे, कॅमेरे, मालकाने वाढवलेलं जागेचं भाडं आणि काकांचा पगार याचे आहेत, जुनी वसुली नाही.

आता त्या रात्रीचं. पंचवटी पावणेदहाच्या सुमारास येते म्हणून आपण गेट अकरापर्यंत ठेवतो, बोर्डवर लिहिलंय. तुम्ही आलात तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. काका जेवणावरून उठून चावी घेऊन परत आले आणि त्यांना तुम्ही चारचौघांत चोर म्हणालात. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत ते, लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर तुमची बाईक त्यांनीच सांभाळली. मला बोलला असतात तर चाललं असतं.

असो. रात्री उशिरासाठी एखादा पोरगा ठेवायचं बघतोय, गेटवर फोन नंबर मोठ्या अक्षरात लावतो, जुन्या पासवाल्यांना रेटमध्ये काही कमीजास्त करता येतं का तेही बघू. रिव्ह्यू काढून टाका असं म्हणत नाही, पण ते "लॉकडाऊनचे पैसे वसूल" एवढं वाक्य तरी बदला. वही काउंटरवरच असते, सकाळी गाडी लावताना दोन मिनिटं थांबा, तुमचं पान उघडून दाखवतो.