शेवगा पाडला

आज सकाळी करवतीच्या आवाजानं जाग आली. खिडकी उघडेपर्यंत शेजारच्या कंपाऊंडमधला शेवगा आडवा. का, तर गाडी लावायला जागा पाहिजे आणि पाल्यानं बॉनेट घाण होतंय.

दुपारी त्याच घरातून आईला मोरिंगा पावडरचा डबा आला. "काकू, गुडघ्यांना चांगली असते, रोज एक चमचा घ्या." किंमत 700 रुपये. डबा हातात धरून मी उभी राहिले आणि खरंच रडू आलं. मोरिंगा म्हणजे शेवगाच की हो! सकाळी पाडला तो!

2019 च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा महापूर आठवतोय ना? पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी सोडून 55 फुटांवर गेली होती. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, शहरात गाडी येईना. मंगळवार पेठेत आमच्या दारात पाणी आलं नाही, पण मंडईत भाजी नव्हती आणि उपसा केंद्रं बुडल्यामुळं नळही कोरडे. चौथ्या दिवशी आईनं गल्लीतल्या पोरांना त्या शेवग्याखाली गोळा केलं आणि आकडीनं फांद्या ओढल्या. पाला धुवायला पाणी कुठलं, पावसानंच धुतलेला. डहाळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून रात्रभर ठेवल्या. सकाळी लुगडं झटकलं की पानं आपोआप गळून खाली, काड्या वेगळ्या. लसूण, सुकी मिरची, मूठभर मूगडाळ. नऊ घरं त्या भाजीवर भाकरी जेवली.

आणि आता म्हणे कचरा होतोय.

1975 पासून कायदा आहे, शहरात झाड तोडायला परवानगी लागते. विचारलं तर म्हणाले, "घरचंच तर झाड आहे." घरचं कसं? पुरात ते नऊ घरांचं होतं! आषाढात कपिलतीर्थ मंडईत खेड्यातल्या बायका टाकळा, कुर्डू, पाथरी घेऊन बसतात. त्यांच्याशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन मोबाईलवरून डिटॉक्सची पाकिटं मागवतो. निरोगी राहायचंय, पण दारात झाड नको, अंगणात माती नको, पावसात भिजायला नको. असं कसं जमेल?

सुरवंट होतात, मान्य. माझ्या पुतण्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. फांदी ठिसूळ असते हेही खरं. आणि पाल्यानं सगळे आजार पळतात असं मी म्हणत नाही, आई बीपीची गोळी रोज वेळेवर घेते. पण फांद्या छाटता आल्या असत्या. बुंध्यातून कापायची काय गरज होती?

इथवर रागानं लिहिलं. आता खोटं कशाला बोलू, पुरात हाच शेजारी ट्रॅक्टरवर उभा राहून आंबेवाडीतून म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढत होता. दोन दिवस घरी आला नव्हता. त्याच्या लेकीला आईनं भाजीचा पहिला घास आपल्या हातानं भरवला होता. ती आज दारात उभी राहून करवत बघत होती, एक शब्द बोलली नाही. डबासुद्धा तीच घेऊन आली. म्हणून मी तो परत केला नाही, तिच्यासमोर काही बोलले पण नाही.

संध्याकाळी ती आणि मी दोघी जाऊन ढिगातून मनगटाएवढ्या जाडीचे फाटे निवडून आणलेत, तीन-चार फूट लांबीचे. शेवगा फाट्यावरून लागतो आणि आत्ता पाऊस आहे. एक आमच्या परड्यात लावला, खड्डा तिनंच काढला. बाकीचे सहा जिन्याखाली सावलीत ठेवलेत. ज्यांच्या दारात दोन हात जागा आहे त्यांनी रविवारच्या आत येऊन घेऊन जा. जास्त दिवस ठेवले तर सुकतील.