मशीनला खापर ऐकू येत नाही

सकाळी सकाळी एक रील आलं. दोन पोरं, कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर, पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या टेकाडावर फिरायलेत, टूं वाजलं की खुरपं घालून उकरायलेत, अन् खाली कमेंट काय तर 'भावा लोकेशन टाक'. डोकं फिरलं राव.

आमच्या चुलत्याला विहीर खांदताना गाडगंभर शिशाच्या चकत्या लागल्या होत्या. सातवाहनांची नाणी शिशाचीपण असायची हे त्याला कोण सांगणार? भोयानं जाळ्याला वजन म्हणून नेल्या सगळ्या. एकीवर हत्ती होता, एवढं मला आठवतंय.

आता म्हणाल, डिटेक्टरवाला निदान नाणं ओळखतो तरी. बरं बाबा, ओळखतो. पण ते कोणत्या थरात होतं, चुलीपाशी का भिंतीखाली, संगं कसलं खापर होतं, हे तो उकरतानाच मोडून टाकतो, मग राहिलं काय, एक चकती! अन् मशीनला फक्त धातू ऐकू येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावची ती हस्तिदंती बाईची मूर्ती, जिच्यासारखी पार इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, तिच्यावर मशीन फिरवा बघू. वाजणारच नाही. मणी नाही, शंखाच्या बांगड्या नाहीत, मातीच्या मूर्ती नाहीत. खुरप्याखाली फुटल्या तरी कळायचं नाही.

पूर्वी गुप्तधनासाठी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला माणूस शोधायचे, त्याला पुरलेलं धन दिसतं म्हणायचे, आता सेल घातलेला पायाळू मिळतो ऑनलाइन, एवढाच फरक.

इंग्लंडात चालतं म्हणे. चालतं, पण तिथं १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे, सापडलेलं नोंदवून घ्यायला माणसं नेमलीत. आपल्याकडं १८७८ चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. कोण कळवतंय?

आणि हो, रामलिंगप्पा लामतुरेंनीपण तेरमधे आयुष्यभर जुन्या वस्तू गोळाच केल्या, ते कुठं पुरातत्त्ववाले होते. कबूल. पण त्यांनी खापर, मणीसुद्धा जपले, म्हणून आज त्यांच्या संग्रहावर तिथं सरकारी म्युझियम उभं आहे.

तिथंच चुलत्याला नेलं होतं एकदा. काचेपुढं लै वेळ थांबला, मग हळूच म्हणला, "आपल्या अशाच होत्या की रे." त्याला काय बोलणार? घाईघाईनं भोयाला देऊन का टाकल्या तर कुणाला कळलं की शेत सरकारजमा होईल ही धास्ती. ही धास्ती आजपण गावोगाव आहे, अन् ती काढायला तलाठी, सरपंच, कुणीच बांधावर येत नाही. रीलवाले मात्र येतात, मशीन घेऊन.