ऑफिसच्या लॅपटॉपवर मॅच गोल गोल फिरत असेल तर

सर्वप्रथम अभिनंदन. ऑफिसच्या लॅपटॉपवर मॅच लावायची आणि ती अडकली की आयटीवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची, एवढी हिंमत आली म्हणजे तुमचं प्रोबेशन संपलेलं दिसतंय. आता तुमच्यासारख्या सीनियर माणसाला शोभेल असा इलाज सांगतो. सगळे प्रयोग मी स्वतःवर केलेले आहेत. तारीख १५ नोव्हेंबर २०२३, वार बुधवार, वर्ल्ड कपची सेमीफायनल, वानखेडेवर भारत विरुद्ध न्यूझीलंड. वर त्या दिवशी भाऊबीज. महाराष्ट्रात सुट्टी होती, पण अमेरिकेतल्या क्लायंटला बहीण असली तरी ती ओवाळत नाही, त्यामुळे आमचा सहावा मजला चालू होता.

तुम्ही म्हणाल, लॅपटॉप कशाला, मोबाइलवर बघा की. त्या वर्ल्ड कपला मोबाइलवर मॅच फुकट होती, हे खरं. मोठ्या स्क्रीनसाठी मात्र पैसे भरायचे होते. पण मोबाइलवर मॅच बघणारा माणूस लांबून मोबाइल बघताना दिसतो. लॅपटॉपवर मॅच बघणारा माणूस लांबून काम करताना दिसतो. कपाळाला दोन आठ्या घातल्या तर इन्क्रिमेंटसुद्धा मिळू शकतं.

तर चक्र फिरायला लागलं की पहिला सल्ला कोणीही देईल: ब्राउझरची कॅश (साठवलेला डेटा) साफ कर, कुकीज उडव. अवश्य उडवा. याने मॅच चालू होते की नाही हे मला अजून कळलेलं नाही, कारण कुकीज उडवल्या की माणूस सगळीकडून लॉगआउट होतो. मेल गेला, टाइमशीट गेली, आणि ज्या खात्यावर मॅच चालली होती तेही गेलं. ते खातं होतं शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या मेहुण्याचं. पुन्हा लॉगिन केलं तर ओटीपी गेला मेहुण्याच्या फोनवर, आणि मेहुणा त्या क्षणी पाटावर बसलेला, समोर सहकाऱ्याचीच बायको निरांजन घेऊन. सहकाऱ्याने बायकोला फोन लावला. ती म्हणाली, आधी ओवाळून होऊ दे, मग आकडे सांगते. ओवाळून होईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा ओटीपी ओवाळणीच्या पाकिटानंतर आला. तेवढ्यात चार ओव्हर गेल्या. म्हणून कुकीज उडवण्याआधी पंचांग बघा.

चित्र फाटत असेल तर क्वालिटी कमी करा. हिशोब सोपा आहे. चांगल्या एचडी चित्राला साधारण पाच एमबीपीएस लागतात, मजल्यावर चाळीस जण 'रिपोर्ट' बघत असतात, म्हणजे दोनशे एमबीपीएस नुसते वानखेडेला चाललेत. क्वालिटी उतरवली की मैदान, प्रेक्षक, जाहिराती सगळं नीट दिसतं, फक्त चेंडू दिसत नाही. एवढीशी वस्तू, एवढ्या वेगाने जाणारी. कमी डेटात चित्र बसवायचं तर पहिला बळी तिचाच. चेंडू कुठे गेला हे फील्डर कुठे पळतोय त्यावरून ओळखायचं. दोन ओव्हरमध्ये सवय होते. मॅनेजर कामाबद्दल काय बोलतात तेही आपण असंच ओळखतो.

काही हुशार मंडळी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो, उघडतात. टोपी आणि गॉगलचं ते चित्र बघून त्यांना वाटतं, आता आपण कोणाला दिसत नाही. इन्कॉग्निटो तुमच्या लॅपटॉपवर हिस्टरी ठेवत नाही, एवढंच. कुठल्या साइटवर कोणत्या लॅपटॉपवरून किती वेळ, हे ऑफिसच्या प्रॉक्सीवर (सगळं इंटरनेट ज्यातून जातं त्या सर्व्हरवर) नोंदवलं जातंच. म्हणजे तुम्ही काय बघितलंत हे आयटीला माहीत असतं, फक्त तुम्हालाच सापडत नाही. तरी उघडाच. टोपी-गॉगल घातल्यावर माणसाला बरं वाटतं.

आता प्रश्न उशिराचा. लाइव्ह म्हणतात ते लाइव्ह नसतं. चित्राचे पाच-सहा सेकंदांचे तुकडे पाडतात, तुकडे सर्व्हरवर जातात, आणि तुमचा प्लेअर दोन-तीन तुकडे पदरात पडल्याशिवाय सुरूच करत नाही. असं करत करत अर्धा मिनिट सहज मागे. आमच्या गेटवरच्या वॉचमन काकांकडे मात्र छोटा टीव्ही, त्याला सेट टॉप बॉक्स. खाली आरोळी उठायची आणि आमच्याकडे शमी अजून रनअपच्या टोकाला चेंडू पुसत उभा. यावर खिडकी बंद करणे हा एक उपाय. दुसरा उपाय आमच्या सहकाऱ्याने शोधला. तो खिडकीजवळ बसून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मला आतून वाटतंय, आता विकेट." रात्रीपर्यंत मजल्यावरचे लोक त्याला घराच्या कर्जाबद्दल विचारायला लागले होते.

एवढं करूनही चालत नसेल तर आयटीकडे रीतसर टिकिट, म्हणजे तक्रार, टाका. 'मॅच दिसत नाही' असं लिहायचं नाही. मी लिहिलं होतं: 'क्रिटिकल डॅशबोर्ड रिफ्रेश होत नाही.' बिझनेस इम्पॅक्ट: हाय. दहा मिनिटांत आयटीतल्या मुलाचा फोन आला. मी तयारीत होतो. केबल काढून लावली, रीस्टार्ट केला, सगळी उत्तरं पाठ. त्याने एकच प्रश्न विचारला.

"सर, तुमच्याकडे कितवी ओव्हर चालू आहे?"

"अकरावी. चौथा बॉल."

"माझ्याकडे बारावीचा पहिला. म्हणजे नेटवर्क ओके आहे सर, तुमचं मशीन हळू आहे. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा."

इतकं नेमकं निदान मला फॅमिली डॉक्टरकडूनही कधी मिळालेलं नाही. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते, म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवायची सोय, बंद केलं, आणि मॅच खरंच लोण्यासारखी चालायला लागली. कोहलीचं पन्नासावं वनडे शतक मी न अडकता बघितलं. स्टँडमधल्या सचिनला वाकून केलेला नमस्कारही. उभं राहून टाळ्या वाजवायच्या होत्या, पण बसूनच एक्सेलमधली एक ओळ हिरवी केली.

इथे एक बारीक गोष्ट त्या मुलाने सांगितली नाही, ती मी सांगतो. पैसे भरून बघायच्या व्हिडिओला कुलूप असतं. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू असताना तुम्ही मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केलीत तर समोरच्यांना व्हिडिओच्या जागी बहुतेक वेळा नुसता काळा चौकोन दिसतो. ते बंद केलं की बऱ्याच लॅपटॉपवर चौकोनातली मॅचही दिसते. म्हणजे दुपारपासून ज्या कुलपाने माझी इभ्रत सांभाळली होती, ते मी स्वतःच्या हाताने काढून ठेवलं होतं.

रात्री साडेआठच्या सुमाराला न्यू जर्सीचा कॉल. तिकडे सकाळचे दहा. मला दाखवायची होती बग्जची यादी, शेअर झाली दुसरी विंडो. त्याच वेळी बुमराहच्या बोलिंगवर मिडऑनला शमीने विल्यमसनचा सोपा झेल सोडला. "अरेरे!" असा आवाज आला, आणि मी म्यूटवर नव्हतो. पलीकडे शांतता. मग क्लायंटचे साहेब, जन्माने आणि खाण्याने पक्के अमेरिकन, म्हणाले, "टार्गेट ३९८ दिसतंय. ही सगळी ओपन डिफेक्ट्स आहेत का?"

अशा वेळी तुम्ही काय कराल? खोटं बोलू नका, अर्धवट बोला. मी म्हणालो, "ते टार्गेट आहे. टीम थांबवायचा प्रयत्न करतेय." ते म्हणाले, "आणि आकडा आपोआप बदलतोय?" म्हटलं, "हो, प्रत्येक बॉलला... म्हणजे प्रत्येक कॉलला." तोवर मी विंडो बंद केली होती. मिनिट्स ऑफ मीटिंगमध्ये एक वाक्य आलं: ऑफशोअर टीमचा लाइव्ह डॅशबोर्ड उत्तम. पुढच्या आठवड्यापासून असा दर सोमवारी द्यावा.

तो डॅशबोर्ड बनवायला मला पुढे तीन शनिवार लागले. पण तो वेगळा विषय आहे, आणि तुमचं लक्ष आत्ता स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चक्राकडे आहे हे मला कळतंय. फिरू द्या. त्या दिवशी हॉटस्टारच्या अ‍ॅपवर एका क्षणी ५.३ कोटी लोक एकदम मॅच बघत होते. त्यातले किती जण बग्जच्या यादीमागून बघत होते, ते त्यांच्या त्यांच्या मॅनेजरना माहीत.

न्यूझीलंडच्या मिचेलने शतक ठोकून घाम फोडला होता, पण शमीने सात विकेट काढून मॅच जिंकून दिली. घरी जाताना बसमध्ये टिकिट बंद झाल्याचा मेल आला. नियमाप्रमाणे आयटीला दोन रकाने भरावे लागतात, ते भरले होते.

रूट कॉज: मिचेल.

रिझोल्यूशन: शमी.

खाली रेटिंग मागितलं होतं. मी पाचपैकी पाच दिले.