टीबीच्या गोळ्यांचं एका ओळीत उरकलं राव

औषधांनी डोळ्यांवर काय परिणाम होतो त्यावरच्या लेखात स्टेरॉइडनं मोतीबिंदू, काचबिंदू होतो ते नीट सांगितलंय, पण टीबीवरच्या इथॅम्ब्युटॉल गोळीचं नुसतं नाव घेऊन सोडलं. आमचे मामा परभणीजवळ खेड्यात राहतात, टीबीच्या गोळ्या चालू होत्या, चौथ्या महिन्यात म्हणायले की समोरचं धूसर दिसायलंय, मामी म्हणली वय झालं, मग चष्म्याचा नंबर दोनदा बदलला अन् पैसे गेले, फरक शून्य. एक दिवस टमाटे निवडताना पिकलेलं कोणतं अन् हिरवं कोणतं तेच कळंना, तवा संभाजीनगरला नेलं. डॉक्टरनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, निम्मे आकडे वाचता आले नाहीत. त्या गोळ्यांतली इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेवर जाते, डोळा दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कुणाला संशयच येत नाही. वरून औषध किडनीवाटे बाहेर पडतं अन् मामांना जुनी शुगर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कुणी बघितलंच नव्हतं! पूर्वी ही गोळी साध्या टीबीला पहिले दोनच महिने असायची, आता सहाही महिने असते. डॉक्टरनी तेवढीच बंद केली, बाकीच्या चालू ठेवल्या (मामा सगळ्याच फेकायला निघाले होते). आता पेपरचे मथळे वाचतात, बारीक अक्षर अजून नाही.